जुनी जॉन बोट घेऊन स्वतः दुरुस्त करायची असेल तर: पत्र्यापासून डेकपर्यंत

जॉन बोट म्हणजे सपाट तळाची, पुढून चौकोनी, पातळ ॲल्युमिनियमच्या पत्र्याची साधी होडी. अमेरिकेत दक्षिणेकडे किंवा मिडवेस्टला कुठल्याही छोट्या गावातून गाडी चालवत गेलात तर कोणाच्या ना कोणाच्या बॅकयार्डात एखादी उलटी पडलेली दिसतेच, आणि चांगली गोष्ट अशी की ॲल्युमिनियम गंजून भुगा होत नाही, त्यामुळे तीस-चाळीस वर्षांची बोटसुद्धा नीट काम केलं तर पुढची वीस वर्षं आरामात चालते. मी टेक्सासमध्ये राहतो, त्यामुळे कायद्याचं जे लिहिलंय ते इथलं आहे, तुमच्या स्टेटचं तुम्ही बघून घ्या, बाकी पत्रा आणि रिव्हेट (पत्रे एकमेकांना जोडणारे धातूचे खिळे) सगळीकडे सारखेच.

एक गोष्ट आधीच सांगतो कारण बहुतेक लोक उलट्या क्रमाने जातात. बोट घरी आली की पहिल्या वीकेंडला डेक, कार्पेट, एलईडी लाइट, रॉड होल्डर सुरू होतं आणि गळती, ट्रान्सम (मागची आडवी भिंत, जिच्यावर मोटर लटकते), फोम हे "नंतर बघू" मध्ये जातं. मग सहा महिन्यांनी तेच डेक उखडून खालचे रिव्हेट दुरुस्त करावे लागतात. क्रम असा ठेवा: आधी पत्रा, मग ट्रान्सम, मग फोम, मग रंग, मग डेक, सगळ्यात शेवटी वायरिंग.

घेण्याआधी काय बघायचं

जाहिरातीत १४३६, १४४८, १६४८ असे आकडे दिसतील. पहिले दोन म्हणजे लांबी फुटात, पुढचे दोन म्हणजे तळाची रुंदी इंचात. १४३६ म्हणजे १४ फूट लांब आणि तळ ३६ इंच. दोन माणसं उभं राहून मासेमारी करणार असाल तर माझं स्पष्ट मत, ३६ इंची घेऊन त्यावर उंच डेक बांधण्यापेक्षा थोडं थांबा आणि ४८ इंची शोधा. तो बारा इंचांचा फरक उभं राहिल्यावर पायाला कळतो.

बघायला जाताना एक स्क्रूड्रायव्हर, टॉर्च आणि चार-पाच फुटांची सरळ पट्टी घेऊन जा. पट्टी तळाला मागच्या भागात लांबीच्या दिशेने लावा, तळ आत दबलेला किंवा बाहेर फुगलेला असेल तर बोट सरळ पळणार नाही. ट्रान्समच्या आतल्या लाकडाला हातोडीच्या दांड्याने ठोका, टणक आवाज आला तर ठीक, भदभद आला तर लाकूड कुजलंय. मोटर लावलेली असेल तर तिचा खालचा भाग धरून वर-खाली हलवा आणि ट्रान्सम वाकतोय का बघा. कुजलेला ट्रान्सम म्हणजे सौदा मोडायचं कारण नाही, फक्त भाव पाडायचं कारण आहे. पण तळाच्या आडव्या रिबपाशी (आधाराच्या पट्टीपाशी) लांब भेगा किंवा पांढऱ्या पावडरखाली खोल खड्डे दिसले तर मी पुढे जात नाही.

कागदपत्रं मात्र पक्की लागतात. ट्रान्समच्या उजव्या बाजूला एचआयएन, म्हणजे बोटीचा ओळख नंबर, असतो, १२ अक्षर-आकड्यांचा, नोव्हेंबर १९७२ नंतर बनलेल्या बोटींवर तो असायलाच हवा. तो टायटलवरच्या (मालकीच्या कागदावरच्या) नंबरशी एकेक अक्षर जुळवून बघा. टेक्सासमध्ये बोटीचं टायटल पार्क्स अँड वाइल्डलाइफ डिपार्टमेंटकडे असतं आणि आउटबोर्ड मोटरचं टायटल वेगळं असतं, ट्रेलरचे कागद आणखी वेगळे. विकणारा म्हणाला की "टायटल हरवलंय, बिल ऑफ सेल देतो" तर त्याला सांगा की आधी तू डुप्लिकेट काढ मग पैसे देतो. आणि हो, नुसती इलेक्ट्रिक ट्रोलिंग मोटर (बोट हळू चालवायची बॅटरीवरची छोटी मोटर) लावली तरी कायद्याने ती मोटरबोटच, रजिस्ट्रेशन लागतंच.

आत कुठेतरी कोस्ट गार्डची कपॅसिटी प्लेट असेल: किती माणसं, एकूण किती पाउंड, किती हॉर्सपॉवर. तिचा फोटो काढून ठेवा. पुढचे सगळे निर्णय त्या प्लेटवरून घ्यायचेत.

रिकामी करा आणि पाणी भरा

सगळं बाहेर काढा. कार्पेट, प्लायवूड, जुन्या वायरी, सीट, सगळं. कार्पेटखाली काय पडलंय ते नीट बघा, कारण ॲल्युमिनियमला दुसऱ्या धातूबरोबर ओलं राहिलेलं अजिबात चालत नाही. एका बोटीत ओल्या कार्पेटखाली एक शिशाचं गळाचं वजन अडकून पडलेलं होतं, ते उचललं तर त्याच्या बरोब्बर आकाराचा खड्डा पत्र्याला पडलेला, स्क्रूड्रायव्हरचं टोक लावलं तर नखाएवढं आत जात होतं. नाणी, तांब्याच्या वायरचे तुकडे, लोखंडी स्क्रू, एक-एक वेचून काढा.

मग गळतीची टेस्ट. बोट ट्रेलरवर ठेवून आत पाणी भरायचं आणि खाली झोपून बघायचं, पण काठोकाठ भरू नका. एक क्युबिक फूट पाणी ६२.४ पाउंडांचं, म्हणजे तीन फूट बाय बारा फूट तळावर फक्त तीन इंच पाणी भरलं तरी साडेपाचशे पाउंडांच्या वर वजन झालं. तीन इंच पुरे, त्यात तळाचे सगळे रिव्हेट आणि सीम (पत्र्यांचे सांधे) येतात. खालून कोरड्या फडक्याने पुसा, दहा मिनिटं थांबा आणि जिथे थेंब दिसेल तिथे मार्करने गोल करा. पाणी पत्र्यावरून ओघळत जातं, त्यामुळे थेंब पडतो ती जागा आणि गळती सुरू होते ती जागा वेगळी असू शकते, पुन्हा पुसून वर-वर शोधत जा.

रिव्हेट

सैल झालेला मूळचा भरीव रिव्हेट काढायची गरज नसते, तो पुन्हा ठोकून घट्ट करता येतो. याला दोन माणसं लागतात. एकाने बाहेरून रिव्हेटच्या डोक्याला जड लोखंडी ठोकळा घट्ट टेकवून धरायचा, दुसऱ्याने आतून शेपटीवर दोन-तीन नेमके ठोके मारायचे. धोपटायचं नाही, शेपटी थोडी पसरली आणि पत्रे एकमेकांना चिकटले की थांबा. ठोकळा धरणारा माणूस हलला तर ठोका पत्र्याला बसतो आणि पोचा पडतो, म्हणून धरणारा तुमचा शांत डोक्याचा मित्र हवा.

जो रिव्हेट झिजलाय किंवा ज्याचं डोकं गेलंय तो ड्रिल करून काढा. आता इथे लक्ष द्या. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे साधे पॉप रिव्हेट मधून पोकळ असतात आणि बऱ्याच वेळा आत स्टीलची दांडी असते, ते पाण्याच्या पातळीखाली चालत नाहीत, गळतात आणि गंजतात. बंद टोकाचे ॲल्युमिनियमचे ब्लाइंड (एकाच बाजूने लावता येणारे) रिव्हेट मागवा, दांडीही ॲल्युमिनियमची, बहुतेक बोटींना ३/१६ इंची लागतात पण भोक मोजून घ्या, आणि दोन्ही पत्र्यांची मिळून जाडी मोजून तेवढ्या जाडीला बसणारा (त्या ग्रिपचा) घ्या. लावताना थ्रीएम ५२०० सीलंटमध्ये बुडवून लावा. ५२०० पूर्ण सुकायला पाच ते सात दिवस घेतं, घाई असेल तर फास्ट क्युअर घ्या. पण जी वस्तू पुढे कधी काढायची आहे, उदाहरणार्थ ट्रान्सड्यूसरचं (फिश फाइंडरच्या सेन्सरचं) ब्रॅकेट, तिला ५२०० लावू नका, थ्रीएमचंच पुढे काढता येणारं ४२०० लावा, नाहीतर काढताना रंगही निघेल आणि डोकंही फिरेल.

रिव्हेट घट्ट झाले की आतून सगळ्या सीमवर आणि रिव्हेटवर ग्लूव्हिट नावाचं पातळ इपॉक्सी लावतात. त्याआधी आतला पत्रा घासून ॲसिटोनने पुसलेला आणि दोन दिवस उन्हात वाळलेला हवा. हीट गनने पत्रा कोमट करून लावलं तर ते पातळ होऊन फटीत ओढलं जातं. आतून आधी, बाहेरून गरज असेल तरच. पण रिव्हेट सैल ठेवून नुसतं ग्लूव्हिट ओतलं तर लाटांच्या दणक्याने ते तडकतं, आधी ठोकणं आणि मग सील करणं.

भेग असेल तर तिच्या दोन्ही टोकांना १/८ इंचाचं भोक पाडा म्हणजे ती पुढे पळत नाही, आणि बोट टिग वेल्डिंग करणाऱ्याकडे न्या. ब्रेझिंग रॉडचे (टॉर्चने वितळवून भेग भरायच्या कांडीचे) व्हिडिओ फार सोपे दिसतात, पण पातळ पत्र्यावर तळाला, जिथे सतत दणके बसतात, तिथे माझा त्याच्यावर विश्वास नाही.

ट्रान्समचं लाकूड

वरच्या कोपऱ्यांच्या टोप्या आणि वरची पट्टी ड्रिल करून काढा, बोल्ट काढा आणि जुना लाकडाचा तुकडा शक्यतो अख्खा ओढा, कुजलेला असला तरी कारण तोच तुमचा साचा. जाडी मोजा, बऱ्याच बोटींत दीड इंच असते. पाऊण इंची एक्स्टीरियर किंवा मरीन प्लायवूडचे दोन थर टाइटबाँड थ्री किंवा इपॉक्सीने चिकटवा, क्लँप लावून रात्रभर ठेवा आणि मगच कापा.

प्रेशर ट्रीटेड लाकूड वापरू नका. हे मी दोनदा लिहिलं तरी चालेल. लोकांना वाटतं ते कुजत नाही म्हणून उत्तम, पण त्या ट्रीटमेंटमध्ये तांबं असतं आणि ओल्या जागी तांबं ॲल्युमिनियमला खातं. लाकूड टिकेल आणि बोट जाईल. डेकच्या फ्रेमलाही तेच, ट्रेलरच्या बंकलाही (बोट टेकते त्या फळ्यांनाही) तेच.

कापलेल्या तुकड्याला सगळी भोकं आधीच पाडा, मग इपॉक्सीचे दोन-तीन हात द्या आणि कडांना जास्त द्या, कारण प्लायवूड पाणी कडेने आणि भोकातून पितं. बोल्ट ३१६ स्टेनलेस, आणि स्टेनलेस जिथे ॲल्युमिनियमला टेकतं तिथे टेफ-जेल (दोन धातूंमधली झीज रोखणारी पेस्ट). प्रत्येक भोकात सीलंट. मोटर लावल्यावर पहिल्या दोन-चार फेऱ्यांनंतर बोल्ट पुन्हा आवळा.

फोम आणि मधला बेंच

ज्या भागाबद्दल लोक सगळ्यात कमी विचार करतात तो हा. बेंचच्या आत फोम उगाच भरलेला नाही. २० फुटांखालच्या बोटी पाण्याने भरल्या तरी बुडू नयेत असा फेडरल नियम आहे आणि तो फोम त्यासाठी आहे. बेंचचा पत्रा उचला आणि फोमचा तुकडा कापून हातात घ्या. कोरडा असेल तर पापडासारखा हलका लागतो. भिजलेला असेल तर अंगठ्याने दाबलं की बोटांतून तपकिरी पाणी गळतं, आणि अशा फोमने बोट पन्नास-शंभर पाउंड जड होऊ शकते तीही मालकाला पत्ता न लागता.

बदलायचा तर गुलाबी किंवा निळे एक्सपीएस (एक्स्ट्रुडेड पॉलिस्टायरीन) फोम बोर्ड, होम डेपो किंवा लोजमध्ये मिळतात, थर कापून घट्ट बसवा आणि खाली पाणी वाहायला फट ठेवा. पांढऱ्या मण्यांचा पॅकिंगवाला फोम नको, तो हळूहळू पाणी धरतो. एक्सपीएसचा एक शत्रू म्हणजे पेट्रोल, म्हणजे इथलं गॅस, सांडलं की फोम विरघळतो, त्यामुळे टाकीजवळचा फोम बंद ठेवा. ओतायचा पॉलियुरेथेन फोम गॅसला जास्त टिकतो पण तो सगळ्या पाणी निघायच्या वाटा बुजवतो, म्हणून मी टाळतो. एक क्युबिक फूट फोम साधारण ६० पाउंड तरंगवतो. जितका काढला तितका तरी परत घालाच, आणि शक्यतो जिथे होता तिथेच, कडांना आणि वरच्या अंगाला. नुसता फ्लोअरखाली भरला तर पाणी भरल्यावर बोट पालथी व्हायला बघते.

आता मधला बेंच. प्रत्येकाला तो कापून मोकळी जागा हवी असते. तो बेंच बोटीच्या दोन बाजू धरून ठेवतो, तो काढला की लाटांवर बाजू बाहेर फाकतात, तळ थडथडतो आणि तुम्ही आत्ताच ठोकलेले रिव्हेट पुन्हा सैल होतात. माझा सल्ला, ठेवा. त्याच्याच उंचीवर पुढचं डेक आणा, जागा आपोआप वापरात येते. काढायचाच असेल तर बाजूंना तितकाच आधार देणाऱ्या आडव्या रिब आणि गसेट (कोपऱ्याचे तिकोनी आधार) बसवल्याशिवाय बोट पाण्यात घालू नका, आणि त्यातला फोम दुसरीकडे बसवा.

रंग

जुना रंग काढायला स्टीलचा वायर ब्रश वापरू नका, त्याचे बारीक कण पत्र्यात रुततात आणि तिथून पुढे डाग सुरू होतात. नायलॉन डिस्क, स्कॉच-ब्राइट, सँडपेपर. जुन्या रंगात शिसं असू शकतं, त्यामुळे ओलं करून घासा, चांगला रेस्पिरेटर लावा आणि मुलांना त्या दिवशी गराजपासून लांब ठेवा. एचआयएन आणि कपॅसिटी प्लेटवर टेप लावा.

घासलेल्या ॲल्युमिनियमवर काही तासांत ऑक्साइडचा थर धरतो आणि त्यावर रंग बसत नाही, म्हणून घासलं, ॲसिटोनने पुसलं की त्याच दिवशी सेल्फ-एचिंग प्रायमरचा पातळ हात. पातळ म्हणजे खरंच पातळ, खालचा पत्रा अंधुक दिसला पाहिजे. वरून ट्रॅक्टरचा इनॅमल रंग हार्डनर घालून, किंवा मॅट डक-बोट पेंट. आत फिकट राखाडी किंवा वाळूचा रंग द्या, टेक्सासच्या जुलैत गडद रंगावर अनवाणी पाय ठेवता येत नाही. तळाला मी रंग देत नाही, वाळू आणि बंकने तो खरवडतोच आणि कोरा पत्रा असला की रिव्हेट दिसत राहतात. समुद्रातल्या बोटींचा तांबंवाला अँटीफाउलिंग रंग मात्र चुकूनही नको, कारण वर सांगितलंच.

डेक: आधी वजनाचा हिशोब

कागद घ्या. समजा तुमच्या प्लेटवर माणसं, मोटर आणि सामान मिळून ६०० पाउंड लिहिलंय. दोन माणसं ३४०. ९.९ हॉर्सपॉवरची फोर-स्ट्रोक मोटर सुमारे ९०. सहा गॅलनची टाकी भरलेली सुमारे ४५. लेड-ॲसिड डीप सायकल बॅटरी ६०. ट्रोलिंग मोटर ३०. झाले ५६५, आणि अजून कूलर, अँकर, गळाचं सामान यायचंय. पाऊण इंची प्लायवूडची एक अख्खी शीट ७० पाउंडांच्या आसपास जाते. म्हणजे डेकचं स्वप्न तिथेच संपलं.

म्हणून फ्रेम ॲल्युमिनियम अँगलची करा, दीड इंची, १/८ जाडीची, रिव्हेट मारून, आणि आधार बारा ते सोळा इंचांवर ठेवा म्हणजे वर अर्धा इंची प्लायवूड पुरतं, शीटला ४५-५० पाउंड. परवडत असेल तर ०.०८० इंची ५०५२ ॲल्युमिनियम शीट, चार बाय आठला साधारण ३६ पाउंड, कुजायचा प्रश्नच नाही. बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेट घेतली तर एकदम तीसेक पाउंड वाचतात, महाग आहे पण छोट्या बोटीत त्याइतका फरक दुसऱ्या कशाने पडत नाही.

डेक बेंचच्या वर नेऊ नका. उंच डेकवर माणूस उभा राहिला की गुरुत्वमध्य वर जातो आणि अरुंद बोट एका बाजूला कलते. जुन्या पुठ्ठ्याचा साचा करून मग कापा, बोटीच्या दोन बाजू कधीच अगदी सारख्या नसतात. वर मरीन कार्पेटऐवजी खरखरीत ट्रक बेड लायनरसारखं कोटिंग घ्या, कार्पेट पाणी धरून ठेवतं. मागे-पुढे पाणी ड्रेन प्लगपर्यंत वाहत जायला वाट ठेवा आणि तळाला हात पोचेल अशी एक तरी हॅच ठेवा.

आणखी एक गोष्ट जी डेक बांधणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही. उघड्या छोट्या आउटबोर्ड बोटीला फायर एक्स्टिंग्विशर लागत नाही, पण तुम्ही बंद कप्पे केलेत जिथे गॅसची टाकी ठेवता येईल, की तो लागतो, ५-बी रेटिंगचा. आणि टाकी बंद कप्प्यात ठेवूच नका, वाफ खाली साचते. उघड्यावर, मागे, पट्ट्याने बांधलेली.

वायरिंग

ॲल्युमिनियम बोटीत गाडीसारखं बॉडीला निगेटिव्ह जोडायचं नाही, प्रत्येक दिव्याला दोन वायरी बॅटरीपर्यंत परत, नाहीतर करंट पत्र्यातून फिरतो आणि पत्रा खातो. टिनचा मुलामा असलेली मरीन वायर, आत गोंद असलेले हीट-श्रिंक क्रिंप, आणि पत्र्यातून जाताना प्रत्येक भोकाला रबरी ग्रोमेट. ५५ पाउंड थ्रस्टची १२ व्होल्ट ट्रोलिंग मोटर पूर्ण जोरात ५० अँपिअरच्या आसपास ओढते, तिला ६० अँपिअरचा ब्रेकर आणि ६ गेजची वायर, बॅटरी मागे आणि मोटर पुढे असेल तर ४ गेज. ब्रेकर किंवा फ्यूज बॅटरीपासून सात इंचांच्या आत. पुढे लाल-हिरवा दिवा, लाल डावीकडे, मागे सगळीकडून दिसणारा पांढरा. बिल्ज पंप (तळात साचलेलं पाणी बाहेर फेकणारा) छोटा, फ्लोट स्विचचा (पाणी चढलं की आपोआप सुरू होणारा), थेट बॅटरीवर वेगळ्या फ्यूजने.

पहिल्यांदा पाण्यात नेताना

ट्रेलरच्या बेअरिंगला ग्रीस, टायरच्या बाजूवरची तारीख आणि दिवे बघून घ्या. बोटीच्या पुढच्या दोन्ही बाजूंना टीएक्स नंबर (रजिस्ट्रेशनचा), अक्षरं कमीत कमी तीन इंची. माणशी एक लाइफ जॅकेट, आणि चालत्या बोटीत १३ वर्षांखालच्या मुलांनी ते घातलेलं असायला हवं. १ सप्टेंबर १९९३ ला किंवा नंतर जन्मलेल्यांना १५ हॉर्सपॉवरच्या वरची मोटर चालवायला बोटर एज्युकेशन लागतं. मोटरला किल स्विचची (ओढली की मोटर बंद करणारी) दोरी असेल तर ती मनगटाला लावा, जॉन बोटीच्या टिलरवरून (मोटरच्या दांड्यावरून) माणूस पडला की बोट गोल फिरून त्याच्याच अंगावर येते.

पहिल्या दिवशी वारा नसलेली सकाळ निवडा, ड्रेन प्लग लावलाय का हाताने चाचपून बघा, आणि बोट रॅम्पवरच बांधून पंधरा मिनिटं नुसती तरंगू द्या. हॅच उघडून कोरड्या फडक्याने तळ पुसून बघा. कोरडं असेल तर एकटे किनाऱ्याकाठाने एक चक्कर, मग दुसरा माणूस, मग पूर्ण सामान. परत आल्यावर प्लग काढा आणि सगळं पाणी, लाइव्हवेलचंसुद्धा (मासे जिवंत ठेवायच्या टाकीचं), रॅम्पवरच सोडा, झेब्रा मसल (बाहेरून आलेले उपद्रवी शिंपले) पसरू नयेत म्हणून टेक्सासमध्ये २०१४ पासून तो कायदाच आहे. घरी आल्यावर बोट पूर्ण वाळली की ट्रान्समचे बोल्ट आवळा आणि ज्या रिव्हेटपाशी ओलावा दिसला होता तिथे मार्करने खूण करून ठेवा.